टोपलीखालचं पाऊल

चंद्रपूरला मी ज्यांच्या खोलीत तीन वर्षं राहिले, ते घरमालक रोज सकाळी दाराबाहेर राख पसरायचे. रांगोळी नाही, राख. ती फडक्यातून गाळून एका जुन्या डब्यात भरून ठेवलेली असायची. अंगण झाडून झालं की उंबरठ्यापासून फाटकापर्यंत हातभर रुंदीचा राखेचा पट्टा ते पसरायचे, फळीच्या तुकड्याने सारखा करायचे आणि मग चहा घेत खुर्चीवर बसायचे. संध्याकाळी चष्मा पुसून, वाकून, तो पट्टा वाचायचे. 'वाचणं' हा त्यांचाच शब्द.

"दूधवाल्याच्या जागी आज त्याचा भाऊ आला. मांजर दोनदा. अन् तू कॉलेजातून पळत आलीस. काऊन व, भांडन झालं का कोनाशी?"

पहिल्या महिन्यात मला याचा फार राग आला होता. मी पहिल्यांदाच घराबाहेर राहत होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. कोणी आपली पावलं मोजतंय हे मनाला टोचायचं. मी बाबांना फोन करून खोली बदलायची आहे असं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बुढा मानूस पायच पाहते न? तोंड तं नाई पाहत. राह्य तिथीच."

बाबांचं बरोबर होतं. भाऊ (सगळी गल्ली त्यांना भाऊच म्हणायची, मीही म्हणू लागले) समोरच्याच्या तोंडाकडे खरंच फार कमी बघायचे. बोलतानाही त्यांची नजर आपल्या चपलांवर असायची. मी पास झाले ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं नाही, चालण्यावरून ओळखलं. परकोटाच्या आतल्या त्या गल्लीत इतक्या गाड्या, इतका गोंगाट, आणि हा माणूस त्यात खाली बघत चालायचा. रिक्षावाले ओरडायचे. भाऊ हात वर करून "हाव जी, हाव" म्हणायचे आणि तरी खालीच बघायचे.

त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला एक बांबूची टोपली कायम उलटी बांधलेली असायची. गल्लीतली पोट्टी त्यावरून त्यांना चिडवायची, "भाऊ, कोंबडी पळाली का?" टोपलीचा उपयोग मला पुढे कळला. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो ओला असतानाच कोणाची तरी बकरी त्यावरून गेली आणि शेजारच्या बाईंच्या कुंड्यांमधली सगळी कोथिंबीर खाऊन आली. गल्लीत दोन घरी बकऱ्या. बाईंनी काठी घेतली आणि एका बकरीला धरलं. भाऊंनी तोपर्यंत रस्त्यावरच्या एका खुरावर टोपली उलटी घालून ठेवली होती आणि शेजारी स्टूल टाकून बसले होते.

"काठी ठेव खाली, बाई. हिचा खूर फाकते. टोपलीखालच्या बकरीचा नाई फाकत."

"एका कोथिंबिरीसाठी इतकं?" बाई म्हणाल्या.

"मार खानाऱ्या बकरीले विचार, इतकं का तितकं."

बाई हसल्या, पण काठी खाली ठेवली. दुसरी बकरी तिच्या मालकाकडेही कोणी मारली नाही, कारण तोवर सगळ्यांचा राग निघून गेला होता. मला तेव्हा ही एक गंमत वाटली. मी मैत्रिणींना ती रंगवून सांगितली.

भाऊ मूळचे गडचिरोलीकडचे. वयाच्या विसाव्या वर्षी ते शिकारीच्या पार्ट्यांबरोबर जंगलात जायचे. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. बाहेरून पाहुणे यायचे, तंबू लागायचे, हाका घालून जनावर उठवायला गावोगावची माणसं गोळा व्हायची. भाऊंचं काम सगळ्यांच्या आधी जाऊन माग काढण्याचं. जनावर कुठून आलं, कुठे पाणी प्यायलं, पोट भरलेलं आहे की नाही. बंदी आली, पार्ट्या संपल्या, आणि भाऊ चंद्रपूरला एका लाकडाच्या डेपोत चौकीदार झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला.

'वाघ' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते 'मालक' म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, मालक तर तुम्ही." ते म्हणाले, "मी दोन खोल्यांचा. थो बाकी सगळ्याचा."

त्यांच्या खोलीत कॅलेंडरच्या मागे एक फोटो होता. मला तो जानेवारीत कळला, नवीन कॅलेंडर लावताना. एक गोरा पाहुणा, एक कोणी साहेब, पुढे मेलेला वाघ, आणि अगदी कडेला अर्धा कापला गेलेला एक काळा सडपातळ तरुण. मी विचारलं, हे तुम्ही का. ते हो म्हणाले आणि कॅलेंडर लावायला लागले. पण खिळा ठोकून झाल्यावर आपणहून बोलले. तसं ते फार कमी वेळा बोलायचे.

"खोटं नाई सांगत तुले. मजा येते. मचानावर बसलं का आधी मच्छर चावते, पाय सुन्न होते, वाटते कुठी आलो. मंग एकदम सगळं चूप होते. पाखरं चूप, किडे चूप. आपल्याले समजते, आला. दिसत नाई अजून. पन आला. तेव्हा जे छातीत होते न, ते मंग जिंदगीत कुठीच होत नाई. लग्नात नाई झालं, पोरगी झाली तेव्हा नाई झालं." हातोडी खाली ठेवत म्हणाले, "म्हनून तं झाकून ठेवला फोटो. पाह्यला का पुन्हा वाटते."

मला वाटलं होतं ते म्हणतील, पाप केलं, वाईट वाटतं. कॉलेजात आमच्या पर्यावरणाच्या पुस्तकात तसंच होतं. त्यांच्या उत्तराचं काय करावं मला कळलं नाही. मी माझ्या खोलीत गेले.

मला नीट क्रमाने लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. पण आता मोठ्या मायबद्दल सांगायला हवं.

माझं गाव सावली तालुक्यात. पुढे धानाचे बांध, मागे बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, आणि बोडीच्या मागे लगेच जंगल. मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची, बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत आम्हा सगळ्यांची झाडं वाटलेली असायची. एक झाड माझं होतं, लहानपणापासून. मी कॉलेजात गेले आणि मोहाच्या ऐन हंगामात माझी परीक्षा यायला लागली, तेव्हा मोठी माय म्हणाली, "तू पुस्तक वाच. तुह्या झाडाचा मोह मी वेचतो." बायांनी 'वेचतो' म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. ती स्वतःचं झाड आणि माझं झाड, दोन्ही वेचायची. दोन झाडं वेचायची म्हणून सगळ्यांच्या आधी निघायची.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला आठ दिवस होते. सकाळी बाबांचा फोन आला. ते बराच वेळ नुसते हॅलो, हॅलो म्हणत राहिले.

ती माझ्या झाडाखाली होती.

मी गावाला गेले. तिसऱ्या दिवसाचं होईपर्यंत राहिले. गाव रडून झालं होतं आणि आता चिडलं होतं. बोडीवर एक वाघीण दोन पिलांना घेऊन पाण्यावर यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. हिवाळ्यापासून लोकांनी तिला पाहिलं होतं, कोणी मोबाइलमध्ये काढलंही होतं. मग मोठ्या मायला मारणारं दुसरं कोण असणार? वनविभागाचे लोक येऊन पंचनामा करून गेले होते, झाडांना कॅमेरे बांधून गेले होते. ते म्हणत होते, वाघाची ओळख पटल्याशिवाय काही करता येत नाही. पण माणसांच्या पायांनी झाडाखालची सगळी राख तुडवली गेली होती. सरपंचांकडे बैठक झाली. अर्ज करायचा ठरलं. गावात चांगलं लिहिणारी म्हणून तो मला लिहायला दिला.

मी लिहिला. मनापासून लिहिला. शेवटी लिहिलं की बोडीवरच्या वाघिणीनेच हा हल्ला केला असून गावकऱ्यांनी तिला ओळखले आहे, तरी तिला गोळी घालण्याचा आदेश व्हावा, अन्यथा आम्ही आमचे पाहून घेऊ. 'ओळखले आहे' हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाक्य त्याशिवाय पूर्ण होत नव्हतं. आणि 'आमचे पाहून घेऊ' म्हणजे काय ते मला माहीत होतं. मोठ्या बाबांच्या अंगणात तारेचं भेंडोळं येऊन पडलं होतं. बोडीच्या पायवाटेवर ते लावून त्यात करंट सोडायचा होता.

सगळ्यांच्या सह्या, अंगठे झाले. मोठे बाबा अंगठा उठवताना म्हणाले, "पोरी, तुह्या घरमालकाची सही आन. शिकारी होते म्हनते न? त्यांच्या सहीला वजन राहीन. चार दिवस वाट पाहीन मी. मंग नाई."

मी चंद्रपूरला आले तेव्हा भाऊ दारातच होते. त्यांना बातमी कळली होती. मी राखेवरून चालत आत आले. त्यांनी खाली पाहिलं आणि त्या दिवशी काहीच वाचलं नाही. मला चहा करून दिला. तो फार गोड झाला होता.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी हाताच्या अंतरावर धरून सावकाश पूर्ण वाचला.

"बराबर लिहिलं," ते म्हणाले. "इथी 'ओळखले' लिहिलं. कोनी ओळखलं?"

"सगळ्यांनी पाहिलं आहे तिला, भाऊ. बोडीवर येते ती."

"तिले पाह्यलं. तिनं मारताना पाह्यलं का? पाऊल पाह्यलं का कोनी?"

मला राग आला. माझी मोठी माय गेली होती आणि हे बकरीच्या खुरासारखं विचारत होते. मी म्हणाले, "भाऊ, ती कोथिंबीर नव्हती."

मी असं त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी अर्जाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. ते पिशवी घेऊन बाहेर आले. सायकलची टोपली सोडली आणि काखेत धरली.

"चाल. सावलीची बस किती वाजता आहे?"

बसमध्येही ते खालीच बघत बसले. मूल गाव आलं, गेलं. टोपली मांडीवर होती. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे. "काईच नाई," भाऊ म्हणाले, "अजून."

झाडापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार उतरली होती. बाबा आणि मोठे बाबा बरोबर होते. आमच्याकडे मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं स्वच्छ राखेवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. माझ्या झाडाखालची राख पार तुडवली गेली होती. मधोमध दगडांचा ढीग होता. जंगलात ज्या जागी माणसाला वाघाने मारलं, तिथून जाणारा प्रत्येक जण एक दगड टाकतो, ही आमच्याकडची रीत. दगडांच्या मधून बांबूची कड दिसत होती.

"ते काय आहे?" भाऊंनी विचारलं.

"तिची मोहाची टोपली," बाबा म्हणाले. "तिले उचललं तवा खाली रक्त होतं. माह्या भावानं त्याच्यावर टोपली उलटी घातली. उघडं राहू नये म्हनून. मंग लोकांनं वरून दगड ठेवले. पंचनाम्याच्या वक्तीही आमी कोनाले हात लावू देला नाई."

भाऊ खाली बसले. कितीतरी वेळ ते त्या टोपलीकडे बघत होते. मग मोठ्या बाबांकडे वळले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांनी माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, तुमी परवानगी देसान तं ती टोपली पाहाची आहे. मी हात नाई लावत. तुमी उचला."

"काऊन?"

"त्याच्याखाली रक्तच आहे का आनखी काई आहे, ते पाहाले."

ठेवलेला दगड काढायचा नसतो. तो मेलेल्या माणसाला दिलेला असतो. बाबा म्हणाले, "राहू द्या जी. रीत नाई ती." खरं सांगायचं तर मला ती टोपली उचललेली नकोच होती. अर्ज लिहून झाला होता.

मग भाऊ बोलायला लागले. मोठ्या बाबांना सांगत होते, पण नजर राखेवर होती.

"मी तेवीस वर्षांचा होतो. आमच्याकडं एक मालक मानसं खात होता. सरकारनं मारायची परवानगी देली. शिकारी साहेबाले ऐन वक्ताले ताप आला, बंदूक माह्या हातात आली. गाववाले म्हने नाल्यावरची, नाल्यावरची, तीच आहे. मी नाल्यावर गेलो. पाऊल पाह्यलं. लांबट होतं. मारनाऱ्याचं चौकोनी होतं, मी आधी दोनदा पाह्यलं होतं. लांबट म्हनजे मादी, चौकोनी म्हनजे नर. मले समजलं. पन मांगं शंभर मानूस उभा. सगळे माह्याकडं पाहून राह्यले. मी बोललो नाई. दोन रात्री बसलो अन् तिसऱ्या दिवशी मारली तिले. एका गोळीत. गावानं मले खांद्यावर घेतलं."

त्यांनी एक मोहाचं सुकलेलं फूल उचललं आणि परत ठेवलं.

"चामडं काढाले घेतलं तं तिच्या थानातून दूध आलं. गरम होतं. अन् पाचव्या दिवशी गुरं चारनाऱ्या पोराले नेलं. त्या चौकोनीनं. गाव बिनधास्त झालं होतं न. मालक मेला म्हनून जंगलात जाऊन राह्यले होते सगळे. म्हनजे त्या पोराले कोनं मारलं, दादा?"

दूर कुठे तरी लाकूड तोडल्याचा आवाज येत होता.

मोठे बाबा वाकले. वरचे दगड त्यांनी एक एक करून उचलले आणि शेजारी, होते तशाच क्रमाने, मांडून ठेवले. शेवटी दोन्ही हातांनी टोपली धरली. "माफ कर व," ते अगदी हळू म्हणाले. ते माझ्या मोठ्या मायला म्हणाले.

खाली राख काळी पडून घट्ट झाली होती. कडेला सातआठ मोहाची फुलं चिकटली होती. आणि अर्ध्या भागात, जिथे रक्त पोहोचलं नव्हतं, एक पाऊल होतं. इतकं स्पष्ट की मला भीती वाटली. आत्ताच उचललं असावं असं.

भाऊ पोटावर झोपले. खिशातून काडी काढून त्यांनी लांबी मोजली, मग तीच काडी आडवी धरली. ती दोन्हीकडे सारखीच बसली.

"चौकोनी," ते म्हणाले. "बाहेरचं बोट पाहा, टेकतच नाई. जखम आहे पायाले. हा तुमच्या बोडीवरचा नाई. हा फिरता आहे."

"पक्कं?" बाबांनी विचारलं.

"एकदा चूप बसलो मी. आता नाई बसत."

मोठे बाबा उकिडवे बसून पावलाकडे बघत होते. मला वाटलं ते त्यावर पाय देतील. मी दिला असता कदाचित. ते म्हणाले, "मंग याले मारासाठी सही करता का तुमी?"

"करतो," भाऊ लगेच म्हणाले. "याचा आदेश निघाला तं सगळ्यात आधी मी सही करतो. धरा, नाई तं मारा, जे सरकार म्हनन ते. मानसाचं मोल कमी आहे असं मी म्हनतच नाई. पन त्याच्या नावानं दुसऱ्याले नाई."

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी अर्ज दिला नाही. पिशवीतून पेन काढलं आणि तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून शेवटची ओळ खोडली. माझं अक्षर कधी इतकं वाईट आलं नव्हतं. लिहिलं की जागेवर नर वाघाच्या पावलाचा ठसा आहे, बाहेरचे बोट टेकत नाही, तो येऊन पाहावा. बोडीवरच्या वाघिणीबद्दल आमची तक्रार नाही. हे शेवटचं मी मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा पुढे केला. शाई नव्हती. त्यांनी अंगठा राखेत टेकवला आणि खोडलेल्या ओळीशेजारी उठवला.

मोठ्या मायची टोपली पुन्हा जागेवर गेली, दगड पुन्हा वर गेले. भाऊंची टोपली रिकामीच परत आली. दुसऱ्या दिवशी वनविभागाच्या लोकांनी ठसा पाहिला. आठवड्याभराने कॅमेऱ्यात तो आला, लंगडत. महिन्याभरात त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यातून प्राणिसंग्रहालयात नेलं. मी भाऊंना बातमी सांगितली तेव्हा वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "आता त्याच्या पायाखाली फरशी आली. ठसा नाई उमटनार." आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटतं असं नाही. माझ्या मोठ्या मायला मारलं होतं त्याने.

तारेचं भेंडोळं बराच काळ अंगणात होतं. पावसाळ्यात मोठ्या बाबांनी त्यावर वालाचा वेल चढवला.

माझं तिसरं वर्ष संपत आलं तोपर्यंत भाऊंचे गुडघे गेले होते. राख पसरायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते खुर्चीवरून सांगायचे, "डाव्या अंगाले जाड झाली." संध्याकाळी वाचायचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं, फक्त आता मी वाकून सांगायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मी चुकले की त्यांना माझ्या सांगण्यावरूनच कळायचं. "मांजराले नख दिसत नाई पोरी, कुत्रं आहे ते."

मोहाचे दिवस परत आले. मी यंदा परीक्षेच्या आधी चार दिवस घरी गेले होते. माझं झाड आता मी वेचत नाही. त्या झाडाखाली कोणीच वेचत नाही, फुलं पडून राहतात. तिसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मोठे बाबा दारात आले. पायाला चिखल होता.

"तुह्या बुढ्याले बोलाव," ते म्हणाले. "बोडीवर पाऊल आहे. मी झाकून ठेवलं."

मी म्हटलं, भाऊंना आता बसमध्ये चढता येत नाही.

"मंग तू चाल. तुले येते न वाचता?"

बोडीच्या ओल्या काठावर त्यांची रोजची मोहाची टोपली उलटी ठेवलेली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड. ते दहा पावलं मागे थांबले. मी टोपली उचलली. माझ्याकडे काडी नव्हती, पेन होतं. आधी उभं धरलं, मग आडवं. पुन्हा उभं. मला घाई करायची नव्हती. मग मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, पेन उभं धरलं तर पुरतं. आडवं धरलं तर बाहेर येतं."

"किती?"

"बोटभर. आणि बाजूला आणखी दोन आहेत. तिच्यापेक्षा लहान, पण फार लहान नाहीत."

फोनवर खुर्चीचा आवाज आला. ते उठून उभे राहिले असावेत. डॉक्टरांनी त्यांना तसं उठायला मना केलं होतं.

"बोटं सगळी टेकते?"

"सगळी."

"तुह्या मोठ्या बाबाले सांग," ते म्हणाले.

मी वळले आणि म्हणाले, "लांबट आहे, मोठे बाबा. तीच आहे. पिलं मोठी झाली." मोठ्या बाबांनी मान हलवली. ते पुढे आले नाहीत. त्यांनी पाण्याच्या पलीकडे, झाडीत, बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, आता टोपलीचं काय करू?" मी विचारलं. "परत झाकू?"

"नाई," ते म्हणाले. "तिच्यावर कोनता गुन्हा आहे? टोपली देऊन टाक त्याले. मोह वेचाचा असन त्याले."